नारळावर बसेल तेच टोपडं

आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक नारळ आहे. शेंडी पूर्ण काढलेला, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलेला. घेर बरोबर ३० सेंटीमीटर. किराणा दुकानात टेप घेऊन अकरा नारळ मोजले, तेव्हा कुठे हा सापडला. हा फोडायचा नाही आणि कुणाच्या ओटीतही घालायचा नाही, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

चांदूर बाजार तालुक्यातलं आमचं गाव. घरची शेती कापूस, तूर आणि थोड्या संत्र्याची. भाऊबीज झाली की गावातल्या आम्ही चौदा जणी संध्याकाळी माझ्या ओसरीवर विणायला बसतो. शेतातून यायचं, भाकरी टाकायच्या, घरच्यांची जेवणं उरकायची आणि साडेसातला सुया घेऊन हजर व्हायचं. संक्रांतीपर्यंत हाच क्रम. मी विणकाम आईकडून शिकले, तेही सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून केलेल्या सुयांवर. सुलट टाका आणि उलट टाका हे दोनच तिने शिकवले. बाकीचं तेवढ्यातूनच निघतं, असं ती म्हणायची.

आमच्या ओसरीवरून आकाश निवळ असलं की उत्तरेला मेळघाटचा डोंगर दिसतो. थंडीत आपल्याकडे चादरीवर भागतं, पण वर चिखलदऱ्याच्या बाजूला पारा कितीतरी खाली जातो. गावच्या आशाताईंची, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा कार्यकर्तीची, बहीण तिकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला ती इकडे आली होती. माझ्या हातातलं नातवाचं टोपडं बघून म्हणाली, "ताई, अशी आमच्याकडे पाठवाल का? अडीच किलोच्या आतली लेकरं बरीच येतात. त्यांचं डोकं झाकायला काही नसतं."

मी लगेच हो म्हटलं. बायकाही हो म्हणाल्या. पण पहिल्या पंधरा दिवसांत झाली नऊ टोपडी. कारण साधं होतं, कापूस वेचणी. दिवसभर वेचून बोटं खरबरीत होतात. बोंडाच्या वाळलेल्या टरफलाचे ओरखडे असतातच, आणि त्या भेगांत लोकरीचा धागा अडकला की टाका पुढे सरकत नाही. रात्री खोबरेल तेल चोळून बसायचं, तर रंगीत लोकरीला डाग पडायची भीती. मग आम्ही तेल चोळून हात राखेने पुसायला लागलो. तरी वेग येईना.

तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंनी डोकं लढवलं. म्हणाल्या, "दोन पार्ट्या करू. देवळाकडच्या सात, शाळेकडच्या सात. संक्रांतीले मोजू. हारतील त्या जितलेल्यायले बहिरमले रोडगे खाऊ घालतीन."

बहिरमची जत्रा म्हणजे आमच्या भागातली मोठी गोष्ट. डिसेंबरच्या उतरत्या दिवसांत भरते आणि महिनाभर चालते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. त्यासाठी आमच्या बायका काय वाटेल ते करतील. दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. एक काकू बैलगाडीत कापसाच्या गाठोड्यावर बसून विणताना दिसल्या. एक सूनबाई एसटीची वाट बघताना थांब्यावर. देवळाकडच्यांनी काकड आरतीनंतरची वेळ धरली आणि शाळेकडच्यांनी पोरांना शाळेत सोडून तिथेच वडाखाली बैठक मारली. रोज संध्याकाळी आकडे विचारायचे, आणि खरा आकडा कुणी सांगायचा नाही.

संक्रांतीला मोजदाद झाली. शाळेकडच्या ७४, देवळाकडच्या ६९. एकशे त्रेचाळीस टोपडी! गोंडे लावलेली, नाड्यांची, मोत्यांच्या बटणांची, क्रोशाच्या जाळीची, सशाचे कान असलेली. आम्ही सगळ्या त्या ढिगाभोवती किती वेळ नुसत्या बसून होतो.

ती टोपडी घेऊन मी आणि आशाताई परतवाड्याहून एसटीने वर गेलो. सिस्टरने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक टोपडं हातात घेऊन बघायला लागली. हळूहळू दोन ढीग झाले. दुसरा ढीग वाढत चालला तशी माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली. शेवटी तिने मोजलं. ५८ टोपडी तिथे वापरता येणार नव्हती.

ती रागाने काही बोलली नाही. एकेक टोपडं उचलून कारण सांगत गेली. गोंडा दिसायला गोड, पण बाळ कुशीवर झोपलं की तो डोक्याखाली येतो. नाडी गळ्याशी येते. बटण सुटलं की तोंडात जातं. जाळीच्या भोकात बाळाचं बोट अडकून धागा आवळला, तर बोटाचं रक्त थांबतं. शिवाय बरीच टोपडी सहा महिन्यांच्या बाळाला होतील एवढी मोठी होती. आम्ही सगळ्यांनी आपापल्या नातवंडांची डोकी डोळ्यांपुढे ठेवली होती.

मग ती मला आत घेऊन गेली. एक कोरकू आदिवासी बाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या छातीशी, लुगड्याच्या आत, एक बाळ बांधलेलं. १ किलो ६०० ग्रॅम. सिस्टरने आमचं एक पिवळं टोपडं त्याच्या डोक्याला लावलं, तर ते घसरून सरळ नाकावर आलं. आईने ते दोन बोटांनी वर धरून ठेवलं. सोडलं की परत खाली. ती काही बोलली नाही. टोपडं धरून माझ्याकडे बघत राहिली. ते माझ्या हातचं होतं.

परत निघण्याआधी सिस्टरने मला बसवून नीट समजावलं, ते मी वहीत लिहून आणलं. नवजात बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस राहायला हवं. दिवस भरायच्या आत, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ असते, कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं. त्यामुळे उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. मला वाटायचं हे थंडीपुरतं असेल. पण आपल्या विदर्भाच्या मे महिन्यातसुद्धा ओलं बाळ पंख्याखाली ठेवलं तर गार पडतं. म्हणून जन्मल्याबरोबर पुसून कोरडं करायचं, डोकं झाकायचं आणि पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नाही. त्या बाईने बाळ जसं छातीशी धरलं होतं, तिला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आईच्या कातडीला बाळाची कातडी लागते. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, पायमोजे आणि टोपडं. म्हणजे त्या लेकराच्या अंगावर असणाऱ्या तीन वस्तूंपैकी एक आम्ही पाठवत होतो, आणि तीच बसत नव्हती.

एसटीत आशाताई गडचिरोलीबद्दल सांगत होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ उबदार ठेवणं त्यात मोठं काम होतं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा आणि घरी झालं तर सात, त्याचं मूळ तिथे आहे. "आपल्यासारख्याच बाया होत्या त्या," आशाताई म्हणाल्या. मी पिशवीतल्या ५८ टोपड्यांकडे बघत होते.

ओसरीवर सांगणं सगळ्यांत जड गेलं. मी काहीही झाकलं नाही. माझं पिवळं टोपडं आधी पुढे ठेवलं. एकटीने सगळ्यांत जास्त, २२ टोपडी विणणाऱ्या काकूंची पंधरा परत आली होती. त्यांचे डोळे रात्री नीट काम करत नाहीत. बल्बखाली हात अगदी तोंडाशी नेऊन विणायच्या त्या. म्हणाल्या, "रातभर जागून केलं व माय. काऊन वापस आणलं? कोन्या मोठ्या लेकराले द्याचं होतं." आणि उठून गेल्या. आठ दिवस आल्या नाहीत. मला जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी आल्या. हातात कापडी पिशवी. ओसरीवर उलटी केली, तर लोकरीचे गोळे घरंगळले. पंधराही टोपडी उसवली होती. लोकर धुऊन, लडी करून, वाळवून, गोळे गुंडाळून आणले होते. "आता माप सांग," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही स्पर्धेचे नियम बदलले. नुसता आकडा मोजायचा नाही. सिस्टरने सांगितलं होतं की ३२ आठवड्यांच्या आसपास जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २९-३० सेंटीमीटर असतो. त्यावरून नारळ शोधायला मी दुकानात गेले. आता टोपडं नारळावर बसवायचं. ओढाताण न करता बसलं पाहिजे आणि नारळ उलटा करून हलवला तरी पडता कामा नये. आतून बोट फिरवायचं, कुठे गाठ टोचली तर बाद. गोंडा, नाडी, बटण, मणी, जाळी यांतलं काहीही असलं तरी बाद. आणि देवळाकडच्यांची टोपडी शाळेकडच्यांनी तपासायची, त्यांची यांनी. नारळावर न बसलेलं टोपडं ज्याचं त्याने तिथेच उसवायचं, म्हणजे लोकर वाया जात नाही.

माप लिहून ठेवते, कुणाला करायचं असेल तर. १० नंबरच्या सुया, पातळ मऊ लोकर, ७२ टाके घालायचे. दोन सुलट, दोन उलट अशी ३ सेंटीमीटरची पट्टी. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं एकूण ९ सेंटीमीटर होईपर्यंत. मग टाके कमी करायचे: सात टाके सुलट, पुढचे दोन टाके एकत्र, असं ओळभर. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत सहा सुलट आणि दोन एकत्र, त्यापुढे पाच, असं उतरत जायचं. शेवटी सुईवर आठ टाके राहतात. धागा त्यांतून ओवून घट्ट ओढायचा आणि कडेची शिवण सपाट घालायची. जाड शिवण त्या पातळ कातडीला रुतते. टाके घट्ट घालणाऱ्यांनी ९ नंबरची सुई घ्यावी. एका टोपड्याला पंधरा-वीस ग्रॅम लोकर लागते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये पाच तरी निघतात. विणून झाल्यावर धुऊन, सावलीत वाळवून मगच पिशवीत भरायचं.

लोकरीच्या खर्चाचा प्रश्न होताच. तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाने सुटला. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या नि डबे घरोघरी फिरतात. आम्ही ठरवलं, यंदा वाण लोकरीचं. सवाष्णीच नव्हे, गावातल्या सगळ्या बायकांना बोलावलं. विधवा बायकांनाही. त्यावर दोन घरांत कुरबुर झाली, पण आम्ही मागे हटलो नाही. त्या बावीस टोपड्यांच्या काकू स्वतः वीस वर्षांपासून एकट्या आहेत. ज्यांच्या हातच्या टोपड्याने लेकरू जगतं, त्यांना हळदीकुंकवाला बाहेर ठेवायचं, हे मला पटणारच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी टोपडी कमी झाली, ९६. देवळाकडच्यांची ४९, शाळेकडच्यांची ४७. सिस्टरने सगळीच्या सगळी ठेवून घेतली. बहिरमला रोडगे शाळेकडच्यांनी केले. मी शाळेकडची, त्यामुळे कणीक मळायला मीच होते.

मधल्या काळात एका सूनबाईने मोबाइलवर चेन्नईच्या बायकांनी केलेलं क्रोशाचं ब्लँकेट दाखवलं. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरांहून मोठं ब्लँकेट केलं आणि गिनीज बुकात नाव लावलं. नंतर ते सुटं करून गरजूंना वाटलं. आम्हाला विक्रम करायचा नाही, पण चौकोन जोडायची युक्ती उचलली. उरलेल्या लोकरीचे क्रोशाचे चौकोन करून आता आम्ही शाली जोडतो, बाळाला छातीशी घेऊन तासन् तास बसणाऱ्या आयांच्या खांद्यावर टाकायला.

परवा सिस्टरचा फोन आला. टोपडी पुरेशी आहेत, आता पायमोजे हवेत. लगेच ओसरीवर खल सुरू झाला, पायमोज्याचं माप कशावर घ्यायचं. कुणी भेंडी म्हणालं, कुणी हिरवं केळं. सिस्टरने पायाची लांबी सांगितली होती, सहा सेंटीमीटर. काकूंनी काही न बोलता आपला उजवा अंगठा टेपवर ठेवला. मी वाकून बघितलं. बुडापासून नखाच्या टोकापर्यंत बरोबर सहा. देवळाकडच्यांनी लगेच तक्रार केली, काकू शाळेकडच्या आहेत, माप रोज त्यांच्याजवळच राहणार. शेवटी काकूंनी कबूल केलं की दिवसाआड त्या देवळाकडच्यांत बसतील. उद्यापासून टाके घालतोय, पांढऱ्या लोकरीने.