दूधवाल्याच्या गाडीची ताठ चेन

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी दूधवाल्यांच्या गाड्यांचे हाल सर्वाधिक असतात. 40 लिटरच्या एका भरलेल्या कॅनमध्ये नुसत्या दुधाचे वजन 41 किलोच्या आसपास भरते. असे दोन कॅन मागे दोन्ही बाजूंना अडकवून 100 सीसीची गाडी रोज पहाटे खडीच्या रस्त्याने धावते. त्यांतल्याच एका गाडीची ही हकीकत आहे.

गाडीचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, आवाजाची तक्रार घेऊन आले होते. वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या डाव्या बाजूने घरघर येत होती आणि पुढच्या स्प्रॉकेटमागून, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागून, ऑइल झिरपत होते. चेन-स्प्रॉकेटचा सेट काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका ठिकाणी नवा बसवलेला होता. "मिस्त्री, मी चेन कधी ढिली राहू देत नाही, दर पंधरवड्याला ताणून घेतो," असे तात्यांनी अभिमानाने सांगितले, आणि माझा संशय नेमका तिथेच गेला.

गाडी डबल स्टँडवर घेऊन दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यावर खालची चेन बोटाने वरखाली करून पाहिली, तर ती जेमतेम 10 मिलिमीटर हलत होती. अशा गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढिलाई लागते. नेमका आकडा आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाक हळूहळू फिरवल्यावर एका जागी तर तेवढीही ढिलाई उरत नव्हती. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून माप नेहमी तिच्या सर्वांत घट्ट जागी घ्यावे लागते.

तात्यांना हे पटेना. मग मी त्यांना दुसऱ्या दिवशी भरलेले कॅन घेऊनच यायला सांगितले. ते आले, गाडी स्टँडवरून उतरवली, कॅन अडकवले, ते स्वतः सीटवर बसले आणि मी खाली वाकून चेनला बोट लावले, तेव्हा ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झालेली होती. डबल स्टँडवर मागचे चाक लोंबकळते, त्यामुळे चाक धरणारा स्विंग आर्म खाली झुकलेला असतो; वजन पडले की तो वर सरकतो, आणि पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, स्विंग आर्मचा बोल्ट व मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आडवा दांडा) एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त होते. ढिलाई ठेवायची ती या क्षणासाठी. ती नसली की प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. पुढचा स्प्रॉकेट हातात धरून हलवला, तर शाफ्टसकट तो वरखाली खेळत होता. बेअरिंग गेले होते, ऑइल अडवणारे सीलही त्यामुळेच फाटले होते.

मागच्या स्प्रॉकेटचे दात मात्र एकाच बाजूने घासून चकचकीत झालेले होते, म्हणजे चाकही तिरके होते. अशा पुष्कळ गाड्यांत अ‍ॅक्सलच्या नटाखेरीज स्प्रॉकेटच्या बाजूला एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो सैल न करता चाक मागे सरकवणारे अ‍ॅडजस्टर ओढले, की ती बाजू जागेवर अडून राहते आणि दुसरीच मागे सरकते. इथे तसेच झाले असावे, कारण स्लीव्ह नटावर पान्याची खूण नव्हती, उलट अ‍ॅक्सलचा नट मात्र पान्याला पाइप लावून इतका आवळलेला होता की त्याचे आटेच ताणले गेले होते. पाइप लावून कसलेला नट मजबूत बसतो, हा समज आमच्या धंद्यातून जाता जात नाही.

बेअरिंग आणि सील बदलण्यासाठी इंजिन उतरवून उघडावे लागले. जोडणी करताना नवी चेन घातली, दोन्ही नट सैल केले आणि अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे थोडे थोडे फिरवले. स्विंग आर्मवरच्या नुसत्या खुणांवर मी विसंबत नाही. स्विंग आर्मच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजतो. नंतर खालच्या चेनमध्ये आणि मागच्या स्प्रॉकेटच्या दातांत फडक्याची घडी धरून चाक सुलट दिशेने फिरवले, म्हणजे चाक पुढे ओढले जाऊन अ‍ॅडजस्टरवर घट्ट टेकते, आणि त्याच स्थितीत नवा नट टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या मापाइतका आवळला. नट आवळताना चेन किंचित ताणली जाते, म्हणून ढिलाई पुन्हा मोजली. स्लीव्ह नट, अ‍ॅडजस्टरचे चेक नट, ब्रेक पॅनेलच्या रॉडची स्प्लिट पिन ही कामे झाल्यावर ब्रेकचा रॉडही नव्याने जुळवला, कारण चाक सरकले की ब्रेकचे अंतरही बदलते.

बिलातला मोठा आकडा इंजिन उघडण्याचा होता. तात्यांनी तो दोनदा वाचला, काही न बोलता पैसे दिले आणि जुने बेअरिंग पिशवीत घालून मागितले. आधीच्या मिस्त्रीला ते दाखवायचे होते. जाताना दोन्ही कॅन पुन्हा अडकवून त्यांनी स्वतः वाकून चेनला बोट लावून पाहिले.