आम्ही इथे राहत नाही

"एकदम आर्टिस्टिक लोकॅलिटी आहे, मॅडम," एजंट म्हणाला, आणि लगेच भाड्याचा आकडा सांगितला. रणवारमध्ये हा क्रम ठरलेलाच असावा. आधी कला, मग धक्का.

वांद्र्यातलं हे जुनं गाव. कौलारू घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, नाक्यावर क्रूस. त्यातले बरेचसे क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत, रोग दाराशीच थांबावा म्हणून उभारलेले. शेजारच्या चॅपल रोडवर तर भिंत मोकळी दिसली की कुणीतरी तिच्यावर काहीतरी रंगवून ठेवतं. सकाळी दूध आणायला निघावं तर एखादी मुलगी चित्रासमोर फोटोसाठी उभी असते आणि आपण पिशवी सावरत मागून वाकून जातो. कुणाच्या ना कुणाच्या फोटोत माझी अशी वाकलेली पाठ नक्कीच असणार.

घर टू बीएचके. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या बेडरूममध्ये कपाट उघडायचं की पलंग ठेवायचा, यातलं एकच काहीतरी जमतं. मालकांनी व्हेज की नॉनव्हेज विचारलं नाही, जात विचारली नाही, फक्त "ड्रम वाजवता का?" एवढंच विचारलं. आधीचा मुलगा वाजवायचा म्हणे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने त्या खोलीत फोमचे चौकोन चिकटवले होते. ते काढले तरी गोंदाचे डाग राहिले. करारात मात्र कलम होतं: भिंतीला खिळा ठोकू नये. गावभर भिंती रंगवलेल्या, आणि आमचं कॅलेंडर फ्रिजवर!

करार अकरा महिन्यांचा. ही अकरा महिन्यांची प्रथा मला फार आवडते, कारण तिला आता काही कारणच उरलेलं नाही. पूर्वी वर्षापेक्षा कमी मुदत ठेवली की नोंदणी टळायची. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली, मुदत कितीही असो. तरी महिने अकराच. बारावा महिना सगळ्यांनाच अपशकुनी वाटतो.

आणि नीट वाचलं तर आपण भाडेकरू नसतोच. १९४७ च्या जुन्या कायद्याने भाडेकरूला इतकं घट्ट संरक्षण दिलं की पिढ्यानपिढ्या भाडं हलेना आणि माणूसही हलेना. तेव्हापासून मालकाला 'भाडेकरू' या शब्दाचीच धडकी. म्हणून आम्ही 'लायसन्सी'. भाडंही भाडं नव्हे, 'लायसन्स फी'. मुदत संपूनही हललो नाही तर दुप्पट. मोटार चालवायला असतं तसं आमच्याकडे झोपायला, अंघोळीला आणि भाजी फोडणीला टाकायला लायसन्स आहे.

याच्याही पुढची गंमत सोसायटीच्या बिलात. मालक स्वतः राहत नाहीत म्हणून त्यात 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस'. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाहीत, तेवढं बरं. मी आणि नवरा दोघं घरात, कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या, आणि कागदावर लिहिलेलं की इथे कोणी राहत नाही.

आठवड्याभरात समोरच्या कौलारू घरातल्या आंटीने जिन्यावर अडवलं. वय ऐंशीच्या आसपास, फुलाफुलांचा फ्रॉक. मी सवयीने इंग्रजी सुरू केलं, तर तिने मराठीत विचारलं, "तुम्हीच ना ते वरचे नवे भाडोत्री?" ईस्ट इंडियनांची, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची मराठी, ओळखीचीच, पण हेल वेगळा. मला इतकं बरं वाटलं! करार, नोंदणी, सगळ्यांनी जो शब्द टाळला तो तिने भर जिन्यावर बहाल केला. मे महिन्यात तिने बियरच्या काळ्या बाटलीत ठासून भरलेला मसाला दिला. अजून आमची आमटी त्यावरच चालते.

सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा. आंटीच्या तोंडी मोत माउली. टेकडीवर मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात. ज्याचं दुखणं किंवा मागणं असेल ते घ्यायचं आणि वाहायचं. घरंही असतात. विकणाऱ्याला मी म्हटलं, "टू बीएचके आहे का?" त्याने न हसता एक दार नि दोन खिडक्यांचं घर हातात ठेवलं. हा विनोद त्याने माझ्याआधी शेकडोंकडून ऐकला असणार.

मी ते वाहिलंच नाही. छान दिसलं म्हणून घरी आणून दुसऱ्या बेडरूमच्या खिडकीत ठेवलं. आंटी म्हणाली, "घर माउलीला द्यायचं असतं गो, घरात नाय ठेवायचं."

मग ऑक्टोबर आला. दुपारचं ऊन त्या खिडकीत थेट पडतं, हे अकराव्या महिन्यात कळलं. छप्पर आधी एका बाजूने खचलं, मग दार खिडकीत मिसळलं. ते सुरीने खरवडत होते तेवढ्यात मालकांचा फोन आला, "मग, रिन्यू करायचं ना?"

"हो," म्हटलं, "फक्त खिडकीला जरा डाग पडलाय."

"गोंदाचा?"

"नाही. मेणाचा."