टायमिंग विचारलंत म्हणून

मी दर रविवारी वेताळ टेकडीवर पळते हे कळले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "टायमिंग किती तुमचं?" मी ते मोजत नाही असे सांगितले की लगेच दुसरा येतो, "मग शर्यतीत का उतरत नाही?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना मला हे विचारले गेले आहे. प्रत्येक वेळी मी "वेळ कुठे मिळतो हो" म्हणून सुटका करून घेते, आणि ते उत्तर खोटे आहे.

मी सात-आठ किलोमीटर पळते, तेही सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने. चढावर मी खुशाल चालते, खाणीच्या काठाशी मोर ओरडला तर थांबते, आणि गिरिपुष्पाची झाडे गुलाबी फुलांनी भरली की काहीही कारण नसताना थांबते. याला आळस म्हणणाऱ्यांना मी ऐकवते की पट्टीचे धावपटूही आठवड्यातले बहुतेक अंतर असेच संथ पळतात. ते उरलेल्या दिवशी जोरात पळता यावे म्हणून तसे करतात, हा भाग मात्र मी गाळते. पूर्ण मॅरेथॉनचे नाव भक्तिभावाने घेणाऱ्यांना मी असेही सांगते की ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला आहे, विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंतचा. वाद जिंकायला हे बरे पडते, एवढेच.

खरे कारण साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि रविवारी माझ्यासोबत पळणारी मैत्रीण अशा दोघींनी तिथल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले होते. मला अडीच तासांच्या आत यायचे होते आणि त्यासाठी चार महिने मी घड्याळाखेरीज कशाकडे पाहिले नव्हते. चढ आम्ही बरोबरीने संपवला. उतरताना, धुके विरून खाली शहर दिसू लागलेल्या एका वळणावर तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती कठड्यावर बसली. "थांबतेस का गं जरा?" असे तिने स्पष्ट शब्दांत विचारले. मी मनगटाकडे पाहिले. मग "पुढे पाण्याच्या टेबलावर सांगते हं कुणाला तरी," असे म्हणून मी पळत सुटले. टेबलापाशी मी ओरडून सांगितलेही. ते कुणाला ऐकू गेले की नाही, हे पाहायला मी वेग कमी केला नाही.

मी दोन तास एकोणतीस मिनिटे बारा सेकंदांत पोहोचले. ती त्यानंतर जवळजवळ पाऊण तासाने, एका शाळकरी स्वयंसेवकाच्या खांद्यावर हात ठेवून, लंगडत आली. माझ्या गळ्यातले पदक हातात घेऊन तिने विचारले, "किती?" आणि मी सांगितले. सेकंदांसकट सांगितले.

तेव्हाची मी आजच्या मला अजूनही खोडून काढते. पोटरीतला गोळाच तो, हाड काही मोडले नव्हते. मागून शेकडो माणसे येत होती. तिच्या जागी मी बसले असते तर तिनेही हेच केले असते. आणि घड्याळाने तुला पळ म्हटले नव्हते, तर मग शिक्षा त्याला कशाला? यातल्या एकाही मुद्द्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. शिवाय टेकडीच्या माथ्यावरच्या सपाटीवर कधीकधी पाय आपोआप वेग धरतात आणि मी मनातल्या मनात आकडे मोजू लागते, तेव्हा जाणवते की घड्याळ कपाटात ठेवल्याने फारसे काही बदललेले नाही. माझे संथ पळणे मला मनापासून आवडते, हे खरे आहे. त्याच्या आड मी लपते, हेही बहुधा खरे असावे.

तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. आता ती दुसऱ्या एका गटाबरोबर पळते, त्याच घाटात त्यानंतर दोनदा पळून आली आहे, आणि दर वेळी मला तिचे टायमिंग व्हॉट्सअॅपवर पाठवते. मी अंगठा पाठवते. गेल्या खेपेस तिने खाली लिहिले होते, "पुढच्या वर्षी तूही ये की." त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.