ढिगाखालचा टोमॅटो

सुपरमार्केट नव्यानं सजवून उघडलं की पहिला फरक डोळ्यांत भरतो तो भाजीपाल्यात. साबणाच्या आणि बिस्किटांच्या रांगा कुठंही सरकवा, त्या शेवटी रांगाच. हौस भागवायला जागा उरते ती ताज्या मालाची. दारातून आत पाऊल टाकलं की समोर लाकडी खोकी, त्यांत उतू जाणारी सफरचंदं, मागं काळी भिंत आणि पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी अक्षरं. खडू बहुधा छापलेला असतो. लाकडाच्या आतही प्लास्टिकचा ट्रे असतो, आणि तो असलेलाच बरा. लाकूड पाणी पितं, धुतलं तरी पटकन वाळत नाही आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

खरेदीच्या सोयीनं पाहिलं तर ही जागा उलटी आहे. पहिल्यांदा घेतलेला नाजूक माल ढकलगाडीच्या तळाशी जातो आणि शेवटी त्याच्यावर पिठाची पिशवी येऊन बसते. तरीही भाज्या दाराशीच असतात. शिरताच हिरवं-लाल काही दिसलं की सगळं दुकानच ताजं वाटायला लागतं, अगदी डबाबंद मटारसुद्धा.

मालानं स्वतःच स्वतःची जाहिरात करायची, हे ओझं त्याच्यावर पडलं ते गिऱ्हाइकाचा हात मोकळा झाल्यापासून. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिग्ली विग्ली नावाचं दुकान काढलं आणि लोकांना स्वतःच फळ्यांवरून वस्तू उचलू दिल्या. तोवर काउंटरमागचा माणूस वस्तू काढून देई. डबे आणि पुडे लगेच या पद्धतीत रुळले. मांसाला मात्र पारदर्शक वेष्टण आणि उघडं शीतकपाट हाताशी येईपर्यंत काउंटरमागंच थांबावं लागलं. ताज्या मालाचं दुखणं तिथूनच चालत आलं आहे. दुकानाला तो उघडा, उजेडात, ढिगानं आणि रंगसंगती साधून हवा असतो. मालाला हवा असतो अंधार, गारवा, ओल आणि आपल्याच जातीची सोबत. सजावट बदलते म्हणजे बहुतेक वेळा या भांडणात पारडं थोडं इकडं किंवा तिकडं झुकतं, एवढंच.

ढिगाचंच घ्या. भरलेली मांडणी जास्त खपते, अर्धी रिकामी मांडणी उरलासुरला माल वाटते, हा धंद्यातला जुना समज आहे आणि तो खोटा नाही. पण समजा एका टेबलावर 80 किलो टोमॅटो मावतात आणि दिवसाला 20 किलो विकले जातात. मग सगळं शिस्तीत चाललं तरी शेवटच्या टोमॅटोला चार दिवस तिथं काढावे लागतात. शिस्तीत तर ते चालतच नाही. सकाळी आलेला माल घाईघाईनं वर ओतला जातो, गिऱ्हाईक वरचाच उचलतं, आणि तळाचा टोमॅटो आठवडाभर तळालाच राहून वरच्यांचा भार सोसतो. एक फुटला की त्याचा रस शेजाऱ्यांवर जातो, बुरशी धरते आणि चिलटं येतात. पिकलेल्या टोमॅटोचे दोन थर पुष्कळ झाले. पीचसारख्या नाजूक फळाचा एकच. सफरचंदं जास्त थर सोसतात, पण ती ओतायची नसतात, हातानं ठेवायची असतात. ओतल्याचा मार तेव्हा दिसत नाही, दोन दिवसांनी तपकिरी डाग होऊन वर येतो.

यावर हुशार उपाय म्हणजे खोटा तळ. टेबलाच्या खोलगट भागात उपडे क्रेट किंवा उताराचा पोकळ साचा बसवायचा आणि त्यावर माल पातळ पसरायचा. ढीग तेवढाच दिसतो, माल पावपट लागतो. ही फसवणूक आहे का? असली तर टोमॅटोच्या भल्याची आहे. त्याहून सरळ मार्ग म्हणजे शेतातून ज्या 60 बाय 40 सेंटीमीटरच्या प्लास्टिक क्रेटमध्ये माल आला, तोच क्रेट उचलून मांडणीत बसवणं. मधली ओताओत वाचते, हात कमी लागतात, आणि नवा क्रेट खाली, जुना वर अशी अदलाबदल सेकंदांत होते. दिसायला मात्र हे जरा गोदामासारखं. म्हणून सजावटकार क्रेटभोवती लाकडी चौकट घालतो. त्याचंही समाधान, मालाचंही.

रंगसंगती ही दुसरी हौस. लाल सफरचंदांच्या शेजारी हिरवीगार ब्रोकोली, पिकल्या केळ्यांच्या पिवळ्याला काकडीचा हिरवा. छायाचित्र सुरेख येतं. पण सफरचंदं आणि पिकती केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि तो शेजाऱ्यांनाही पिकवतो. ब्रोकोली आणि काकडी त्यानं पिवळी पडतात, गाजर कडवट होतं. मोकळ्या हवेशीर टेबलावर काही तासांत फारसं बिघडत नाही. तीच जोडी रात्री बंद शीतगृहात शेजारीशेजारी राहिली की सकाळी फरक कळतो. तापमानाचंही तसंच. पालेभाज्यांना 0 ते 2 अंश सेल्सिअस आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. केळ्यांना 13-14 अंशांच्या खाली नेलं तर साल राखाडी पडते आणि फळ धड पिकत नाही. काकडी 10 अंशांच्या खाली काही दिवस राहिली की तिच्यावर खळगे पडून ती पाणचट होते, टोमॅटो तिथंच चव घालवून बसतो. म्हणजे ‘सगळं ताजं एका मोठ्या थंड भिंतीवर’ ही कल्पना आराखड्यात जितकी छान, तितकीच भिंतीवरच्या निम्म्या मंडळींना जाचक.

आता ते धुकं. पालेभाज्यांवर दर काही मिनिटांनी काही सेकंद तुषार उडतात, आणि काही दुकानांत त्याआधी ढगांचा गडगडाट वाजतो. गंमत वाटते, पण त्यात गिऱ्हाइकाला हात मागं घ्यायची सूचनाही असते. पानाच्या वजनातलं पाच टक्के पाणी गेलं तरी ते मलूल दिसतं, त्यामुळं फवारा खरोखर उपयोगाचा. मात्र तो वरच्या जुड्यांनाच भेटतो. खालच्या कोरड्याच राहतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा जुड्या वरखाली कराव्या लागतात. पाणी जड असेल तर क्षार साचून नळ्यांची तोंडं बुजतात. अळिंबी, बेरी, कांदा, लसूण यांना या पावसापासून दूरच ठेवावं. ओल लागली की ती सडतात. आणि पाणी साठवून ठेवणारं यंत्र तर नकोच. 1989 साली अमेरिकेत लुईझियानातल्या बोगालुसा गावात लेजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाची साथ आली, तिचा माग एका किराणा दुकानाच्या धुकं करणाऱ्या यंत्रापर्यंत लागला. टाकीत साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढले होते आणि अतिसूक्ष्म थेंबांबरोबर ते श्वासात गेले. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळाला थेट जोडलेला, जरा मोठे थेंब टाकणारा फवाराच योग्य.

उघडं शीतकपाट हा मला या सगळ्यातला सर्वांत कल्पक आणि सर्वांत गैरसमजात अडकलेला भाग वाटतो. त्याला दार नसतं, पण वरच्या जाळीतून थंड हवेचा पडदा खाली येतो आणि पुढच्या काठाशी असलेल्या झरोक्यातून परत आत ओढला जातो. नूतनीकरणानंतर फळ्या भरगच्च दिसाव्यात म्हणून कुणीतरी पाकिटं फळीच्या पुढं काढतं किंवा झरोक्यावर सवलतीची टोपली ठेवतं. पडदा तिथं फाटतो, थंड हवा रांगेत सांडते, गिऱ्हाइकांचे पाय गारठतात आणि वरच्या फळीवरचं दही कोमट होतं. उभ्या उघड्या कपाटाच्या यंत्राला जो भार ओढावा लागतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश बाहेरून शिरणाऱ्या उबदार हवेचाच असतो. त्यामुळं हल्ली काचेची दारं बसवतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र दार बाहेर उघडायचं तर रांग रुंद हवी, काचेवर धुरकट बाष्प धरू नये याची सोय हवी, हातांचे ठसे पुसायला माणूस हवा. सकाळची भरणी करताना दारं टेकू लावून तासभर उघडी ठेवायची सवय लागली, तर दार असून नसल्यासारखं.

मासे ठेवायला बर्फ, हे सर्वांना ठाऊक. त्याचा हिशोब असा की मासा 5 अंशांवर जितका टिकतो त्याच्या जवळजवळ दुप्पट 0 अंशांवर टिकतो. साफ केलेला अख्खा मासा पोट खाली करून बर्फात रोवायचा, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. कापलेले तुकडे थेट बर्फावर नकोत. वितळत्या पाण्यात त्यांची चव निघून जाते आणि रंग फिका पडतो. खाली ट्रे हवा, आणि ओट्याला निचऱ्याकडं उतार.

दिव्यांविषयी एकच तक्रार. लालसर झाकेच्या दिव्याखाली मांस जितकं लाल दिसतं तितकं ते दिवसाच्या उजेडात नसतं. वर प्रखर उजेडानं त्याचं तपकिरी होणं लवकर सुरू होतं. बटाट्यांचं तर फारच वाईट. दिव्याखाली ते हिरवे पडतात, त्याबरोबर सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात. सजावटीत त्यांना कोपऱ्यातली अंधारी जागा दिली तर उपेक्षा समजू नये. रात्री पोतं टाकून झाकलं तर आणखी उत्तम.

नूतनीकरणात विक्रीची जागा वाढवायची म्हणून मागची खोली आक्रसते, आणि त्यात पहिला बळी जातो धुण्याच्या हौदाचा. वास्तविक सकाळची सगळी करामत तिथंच होते. पालेभाजीच्या देठाचं टोक धारदार सुरीनं किंचित कापायचं, जुडी काही मिनिटं कोमट पाण्यात बुडवायची, उभी ठेवून निथळू द्यायची आणि दोन-तीन तास शीतगृहात ठेवून मग बाहेर मांडायची. मलूल पानं पुन्हा ताठ होतात. टोमॅटो धुताना पाणी त्याच्यापेक्षा थोडं उबदार हवं. गरम टोमॅटो गार पाण्यात टाकला तर आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी, त्याबरोबर जंतूही, आत ओढले जातात. हौदच नसेल तर यातलं काहीही होत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून फवारा वाढवला जातो.

उद्घाटनाच्या दिवशी सगळीच दुकानं सुंदर असतात. मांडणी जमली की नाही ते पाहायचं तर महिनाभरानं कचऱ्याचा डबा वस्तूवार वजन करून पाहावा. टोमॅटो चेपलेले निघाले तर ढीग उंच आहे. पालेभाजी सुकून आली तर भरणी एका वेळी जास्त होते आहे किंवा जुड्या उलटल्या जात नाहीत. तीच चिकट होऊन आली तर पाणी जास्त होतं आहे आणि हवा कमी. काकड्या पिवळ्या निघाल्या तर शेजारी कोण आहे ते बघावं.