तिसरा रकाना : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपच्या टेबलावर एक लांबट वही असते. पानावर तीन रकाने: तक्रार काय होती, सापडलं काय, बदललं काय. फ्रिज दुरुस्तीत पैसा तिसऱ्या रकान्यात असतो, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरीही आमच्याकडे नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे ही वही ठेवतो आणि तिसरा रकाना कोरा राहिलेल्या ओळी मोजायला सांगतो. पोरगा आधी माझ्याकडे बघतो, मग वहीकडे.

वही सुरू झाली एका चुकीतून, आणि चूक माझीच होती. स्वतःचं काम सुरू करून जेमतेम काही महिने झाले होते. एका घरी फ्रिज बंद पडला म्हणून गेलो. दर दोन-तीन मिनिटांनी मागून ‘टिक्’ असा आवाज, मग कंप्रेसरची क्षणभर घुरघुर, पुन्हा टिक्, मग शांतता. मी हात लावून पाहिला, कंप्रेसर चटका बसावा इतका तापलेला. ‘जाम झालाय,’ म्हणून मोकळा झालो. नवा कंप्रेसर बसवला, फिल्टर बदलला, गॅस भरला. फ्रिज छान चालला. जुना कंप्रेसर उचलून वर्कशॉपमध्ये आणून टाकला.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद संध्याकाळी सहज डोकावले. कोपऱ्यातला कंप्रेसर बघून त्यांनी काही न बोलता त्याच्या पिनांवरचा रिले, म्हणजे कंप्रेसरला सुरू करून देणारा छोटा स्विच, उपसला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. रिलेमधली पीटीसीची, म्हणजे तापली की वीज अडवणारी, चकती फुटली होती. मग मीटर घेऊन त्यांनी कंप्रेसरच्या तिन्ही पिना आळीपाळीने मोजायला लावल्या. दोन छोटी रीडिंग मिळून तिसरं, सगळ्यात मोठं रीडिंग जुळलं. बॉडीला कुठलीच पिन लागत नव्हती. वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारांची गुंडाळी, ठणठणीत. नवा रिले लावून वीज दिली तर त्या ‘जाम’ कंप्रेसरने पहिल्या झटक्यात उचल घेतली. नव्या कंप्रेसरबरोबर नवा रिले आला होता, म्हणूनच तिकडे फ्रिज चालला आणि माझी चूक झाकली गेली. उस्ताद एवढंच म्हणाले, ‘कंप्रेसरचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी बाकीच्यांची चौकशी कर.’

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो, झालं ते सांगितलं, रिलेचे तेवढे ठेवून बाकी पैसे परत केले. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. तो रिले मात्र अजून टेबलाच्या वर खिळ्याला लटकतोय.

धाकटा भाऊ सोबत आला तेव्हा आमचं पहिलं भांडण वहीवरूनच झालं. त्याचं म्हणणं सरळ होतं: ‘दादा, काहीच बदललं नाही तर बिल कशाचं करायचं?’ प्रश्न बरोबर होता. पार्टवरच कमाई ठेवली की माणूस नकळत पार्ट बदलायची कारणं शोधतो. मीही शोधत होतोच. शेवटी तपासणीचे पैसे वेगळे घ्यायचे, पार्ट बदलो न बदलो, असं ठरलं. सुरुवातीला लोक कुरकुरले. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली हसू येतं. पण त्या निर्णयानंतरच धंदा खऱ्या अर्थाने स्थिरावला, कारण तेव्हापासून खोटं बोलायची गरजच उरली नाही.

फोन बायको घेते. ‘फ्रिज गार होत नाही’ म्हटलं की ती लगेच माणूस पाठवत नाही, चौकशी करते. आतला दिवा लागतो का? मागे आवाज येतो का? फ्रिज नुकता हलवला का? वरचा फ्रीझर गार आणि खालचा कप्पा गरम, असं आहे का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं की ती वहीत आधीच पेन्सिलीने ‘डिफ्रॉस्ट?’ लिहून ठेवते, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधली ही तक्रार म्हणजे लोकांना गॅस गेल्यासारखी वाटते, आणि काही कारागीर तो समज दूरही करत नाहीत. खरं तर त्यात गार करणारी कॉइल पाठीमागच्या पॅनेलआड लपलेली असते आणि एकच पंखा तिची गार हवा वर-खाली फिरवतो. कॉइलवर साचलेला बर्फ ठरावीक वेळाने हीटर लावून वितळवायचा असतो, हेच डिफ्रॉस्ट. तेवढं बंद पडलं की बर्फाची भिंत तयार होते, हवेची वाट अडते, आणि फ्रीझरमध्ये बर्फ असूनही खाली पाणीसुद्धा गार होत नाही. खूण सोपी आहे: फ्रिज एक-दोन दिवस बंद ठेवून, दार उघडं टाकून पुन्हा लावला की आठवडाभर अगदी नव्यासारखा चालतो आणि मग तीच रड. गॅस गेला असता तर विश्रांती देऊन परत आला नसता.

इथेही आम्ही एकदा तोंडघशी पडलो. पॅनेल काढलं, बर्फ वितळवला, हीटर तुटलेला सापडला, बदलला. तीन आठवड्यांत ग्राहकाचा फोन: पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला बायमेटल, म्हणजे गारठ्यात हीटरची वाट जोडणारा स्विच, तोही गेलेला निघाला. एक दोष सापडल्याच्या आनंदात बाकीचं तपासायचंच राहिलं होतं. तेव्हापासून हीटर, बायमेटल, जास्त तापलं की वीज तोडणारा थर्मल फ्यूज, आणि टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ही सगळी साखळी एकाच भेटीत बघायची, असा दंडक आहे.

बायमेटलवरून आठवलं. एका नव्या पोराने महिनाभरात चार बायमेटल ‘खराब’ म्हणून काढले. चारही टेबलावर मीटरने ओपन, म्हणजे वाट तुटलेली, दाखवत होते. दाखवणारच! तो स्विच गोठणबिंदूच्या बराच खाली गेल्यावर जुळतो आणि ऊब लागली की सुटतो. खोलीच्या तापमानाला ओपन असणं हाच त्याचा स्वभाव. चारही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी बाहेर काढल्या काढल्या मीटर लावला तर तिघांवर तो वाजला, म्हणजे ते जुळलेले; एक मुका राहिला. पोरगा तिघांकडे बराच वेळ बघत बसला. आता तो आमचा सगळ्यात खात्रीचा माणूस आहे. तापमान मोजणारा सेन्सर तो बर्फाच्या पाण्यात बुडवूनच तपासतो, आणि गारव्यात रेझिस्टन्स कमी न होता वाढतो हे नव्यांना तोच शिकवतो.

पार्ट शोधणं हा आमच्या धंद्याचा दुसरा पाय, आणि तो भावाने उभा केला. लोक काउंटरवर येऊन म्हणतात, ‘डबल डोअरचा थर्मोस्टॅट द्या.’ जणू डबल डोअर हे एकाच फ्रिजचं नाव आहे. आतल्या बाजूच्या भिंतीवर, बहुतेक वेळा भाज्यांच्या ड्रॉवरजवळ, नाहीतर पाठीमागे एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत हवा. दाराच्या बाहेर लिहिलेलं नाव उपयोगाचं नाही. त्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत रंग, बनावटीची आवृत्ती, कधी तर वेगळा बोर्डसुद्धा दडलेला असतो. दिसायला हुबेहूब, प्लगही जुळतात, आणि लावल्यावर पंखा उलट्या वेळेला फिरतो असा बोर्ड आम्ही एकदा घेऊन बसलोय. पार्टचा नंबर वेगळा असतो आणि तोही कंपन्या बदलत राहतात. जुना नंबर बंद झाला म्हणजे पार्ट बंद झाला असं नव्हे, त्याच्या जागी नवा आलेला असू शकतो. भावाने या ‘जुना नंबर, नवा नंबर’ जोड्यांची आपली एक वही केलीय. ती तो कुणाला दाखवत नाही, मलासुद्धा.

कंप्रेसर तर नुसत्या ताकदीवर कधी घेऊ नये. आधीचा गॅस कोणता, तेल कोणतं, हे बघावंच लागतं. जुन्या आर १२ गॅसच्या मशीनमध्ये मिनरल तेल असायचं, त्याच्या जागी आलेल्या आर १३४ए ला ते चालत नाही, त्याला एस्टर तेल लागतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या काळजीने आर १२ मागे पडला, २०१० पर्यंत विकसनशील देशांतही त्याचं उत्पादन थांबलं; पण तो गॅस पोटात घेऊन चालणारे फ्रिज त्यानंतरही आमच्याकडे येत राहिले. अशांना ‘जमेल तितकं चालवा’ म्हणण्याइतपत प्रामाणिकपणा ठेवायचा, एवढंच करता येतं.

दाराच्या रबराबद्दल मात्र मला पार्ट न विकता जास्त बोलायला आवडतं. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकला तर तिथे हवा आत शिरतेय. पण लगेच नवं गास्केट मागवू नका. वाकडं झालेलं रबर गरम पाण्याने किंवा हेअर ड्रायरने मऊ करून हाताने ताणलं, दार काही तास घट्ट बांधून ठेवलं की अनेकदा बसतं. कधी दोष रबराचा नसतोच, दार बिजागरीवर झुकलेलं असतं. आणि चिकटपणा, बुरशी साबणाच्या पाण्याने पुसली की निम्मं काम होतं. आमच्या वहीत या तक्रारींच्या पुढे तिसरा रकाना बहुतेक कोराच आहे.

नवा फ्रिज बसवायची कामंही आम्ही घेतो. त्यात विशेष काही नाही असं लोकांना वाटतं, आणि बरंचसं खरंही आहे. मागे-बाजूला हवेला जागा, पुढचे पाय किंचित उंच म्हणजे दार आपोआप मिटतं, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग. आडवा करून आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करायचा, कारण कंप्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. बसवून आल्यावर येणारे फोन जास्त मजेशीर. ‘फ्रिजच्या बाजू तापतात, परत न्या!’ बऱ्याच नव्या फ्रिजांत बाहेर उष्णता टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याआडून फिरवलेली असते, त्यामुळे त्या कोमट लागणं हेच बरोबर. एका गृहस्थांनी त्याच बाजूला हुक लावायला ड्रिल मारलं. फुस्स झालं. त्यांनी फोनवर अगदी शांतपणे विचारलं, ‘भोकाला एम-सील चालेल का?’

फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडणारे तर सनातन आहेत. ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ, आणि त्यातूनच गॅसची वाट गेलेली. टोक लागलं की संपलं.

या सगळ्यात आम्हाला खरं घाबरवलं ते आर ६००ए ने. हा आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू. घरगुती फ्रिजमध्ये त्याची मर्यादा १५० ग्रॅमची आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहूनही कमी. गॅस इतका थोडा की अंदाजाने भरणं चालत नाही. दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी फ्रिज नाराज. सुरुवातीला आम्ही जुन्याच सवयीने गेलो. एका कारागिराने नळी पूर्ण रिकामी न करताच जोडकामाचा, ज्योतीचा टॉर्च पेटवला. भपका झाला. भुवई आणि हातावरचे केस गेले, नशिबाने तेवढ्यावर निभावलं. त्याने दोन दिवस काही झालंच नाही असं दाखवलं, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच टॉर्च माझ्या टेबलावर आणून ठेवला.

त्यानंतर महिनाभर आम्ही आर ६००ए ची कामंच नाकारली. मग एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडे बसून नीट शिकलो: गॅस उघड्यावर सोडायचा, नायट्रोजन फिरवायचा, नळी कटरनेच कापायची, आणि जोड ज्योतीने न करता दाबून बसवायच्या कपलिंगने करायचा. खोलीत हवा खेळती, आजूबाजूला ठिणगी उडेल असं काही नाही. शिवाय या गॅसची एक खोड: गार करणाऱ्या बाजूला तो बऱ्याचदा हवेच्या दाबापेक्षाही कमी दाबावर चालतो. तिथे गळती असली तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओल आत ओढली जाते. साबणाच्या फेसाला बुडबुडा येत नाही, म्हणून ‘लीकेज नाही’ म्हणून गॅस भरून मोकळं होणारे दोन महिन्यांनी पुन्हा भरायला येतात. आम्ही आता आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधतो, मग नवा फिल्टर, पंपाने आतली हवा-ओल ओढून नीट व्हॅक्यूम, आणि शेवटी काट्यावर मोजून गॅस. वेळ दुप्पट लागतो. भाऊ अजूनही त्याचा हिशेब मांडतो.

आज आम्ही सहा जण आहोत. अलीकडे निम्मे फ्रिज इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या, कंप्रेसरचे येतात, आणि तिथे माझ्या जुन्या कानाचा उपयोग कमी. रिले हलवून ऐकायला रिलेच नाही. तिन्ही पिनांची रीडिंग सारखी यायला हवीत; दोन मिळून तिसरं हा उस्तादांचा हिशेब इथे लागू नाही. थेट वीज देऊन कंप्रेसर ‘एकदा बघूया’ म्हणणाऱ्याला तर आम्ही हात धरून थांबवतो. दोष बोर्डाचा की कंप्रेसरचा हे ठरवायला बोर्डावरचा लहानसा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसावं लागतं.

काल संध्याकाळपासून असाच एक बोर्ड टेबलावर पडलाय. दिवा पाच वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा पाच. कंप्रेसरची रीडिंग जुळतात. नवा बोर्ड मागवला तर उद्या येईल आणि फ्रिज बहुधा चालेल. बायमेटलवाला पोरगा म्हणतो, आधी कनेक्टरच्या पिना साफ करून बघू, एक काळी पडलीय. भावाने वहीत तक्रार लिहिलीय. पुढचे दोन्ही रकाने अजून मोकळे आहेत.