परंगीमलै उर्फ सेंट थॉमस माउंट, चेन्नई : अर्ध्या दिवसाची चक्कर

चेन्नईत ऑफिसच्या कामाला आलो होतो, शनिवार मोकळा होता म्हणून सेंट थॉमस माउंटला, म्हणजे जुनं चर्च असलेल्या टेकडीवर, जाऊन आलो. तमिळमध्ये याला परंगीमलै म्हणतात, परंगी म्हणजे आपलं फिरंगी! (लाल भोपळ्यालाही तिकडे परंगीच म्हणतात, का ते विचारू नका.)

लोकल आणि मेट्रो दोन्हीचं स्टेशन आहे, तिथून ऑटो. पण ऑटोवाल्याला "पायऱ्यांपाशी" असं नीट सांगा, मी फक्त चर्च म्हणालो तर पठ्ठ्याने गाडीरस्त्याने थेट वर नेऊन सोडलं, मग मी उतरून कमानीपर्यंत खाली गेलो आणि परत चढलो. हसा. पायऱ्या दीडशेच्या आसपास, मधेच मोजणी चुकली. १७२६ साली कोजा पेट्रस उस्कान नावाच्या अर्मेनियन व्यापाऱ्याने बांधून घेतल्या. सकाळी ८ च्या आत चढा, नाहीतर घामाची आंघोळ. पाणी सोबत ठेवा, आणि रविवारी प्रार्थनेची गर्दी असते.

चर्च अगदी छोटंसं. येशूचा शिष्य संत थॉमस इथेच मारला गेला अशी श्रद्धा. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये बांधलं, आणि १५४७ ला खोदकाम करताना दगडी क्रॉस सापडला, त्याच्या कडेने पहलवी (जुन्या इराणी) लिपीतली ओळ कोरलीय. तोच आता अल्टारवर आहे. या क्रॉसमधून १८ डिसेंबरला रक्त येई म्हणतात, शेवटचं १७०४ ला. तुमचा विश्वास असो नसो, जवळ जाऊन ती अक्षरं बघाच, मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

बाहेर विल्यम लॅम्टनचा अर्धपुतळा आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. १८०२ मध्ये याने या टेकडीपासून १२ किलोमीटरची रेषा १०० फुटी साखळीने मोजली, ४०० वेळा साखळी टाकून, ५७ दिवस. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची (त्रिकोण आखत अख्खा देश मोजायच्या कामाची) सुरुवात ती. तसाच मोजत मोजत उत्तरेला निघाला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. माझं आजोळ हिंगणघाट, दर मे महिन्यात जायचो, पण कबर कधी बघितली नाही, घरात कुणी सांगितलंही नाही. पुतळ्यासमोर उभं राहून मामाला फोन लावला तर म्हणतो, "इंग्रजाची कबर ना? असेल की, जाऊ आपण."

विमानतळ अगदी खाली आहे, विमानं जवळून दिसतात, मुलं सोबत असतील तर तास सहज जातो.