घरची मॅच, घरापासून दीडशे किलोमीटरवर

नांदेडचा गुरुद्वारा, औंढ्याचं देऊळ, परभणीतलं एक लग्न आणि दौलताबादचा किल्ला. मराठवाड्याच्या या फेरीबद्दल लिहायला बसले, पण यातल्या कशावरच पेन टिकत नाहीये. डोळ्यांसमोर सारखी येते ती संभाजीनगरच्या आमखास मैदानावरची एक फुटबॉल मॅच. औंढ्याच्या कोरीवकामावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या मॅचवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी तिच्यावरच लिहिते.

परभणीहून सकाळची मराठवाडा एक्सप्रेस पकडली होती. नंतरच्या एका स्टेशनवर दारातून आधी मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीची दोन पोती आत आली, मग सतरंजीत गुंडाळलेली गोलपोस्टची जाळी, मग बांबूला बांधलेले कोपऱ्याचे झेंडे आणि त्यामागून पंधरा-वीस माणसं. एक पोतं माझ्या पायाशी आलं. फक्की साडीवर उडाली तेव्हा मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणत होते, त्यांनी पोतं आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाले, "ताई, रागावू नका. संभाजीनगरला आमची होम मॅच हाय."

"संभाजीनगरला होम मॅच? मग समोरची टीम कुठली?"

"आमच्याच गावची. ह्ये काय, पलीकडच्या डब्यात बसलेत."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मैदानाचा वाद अजून मिटलेला नाही. रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. मराठवाड्यातल्या अशा बऱ्याच गावांसारखे त्याचेही दोन भाग: वेशीच्या आतलं जुनं गाव आणि स्टेशनच्या अंगानं वाढलेली वस्ती. दोन्हीकडे फुटबॉल आहे, दोन्हीकडे आपापलं मैदान आहे आणि दोघांमध्ये जुनी चुरस. वर्षाला दोन मॅच, एक वेशीत, एक स्टेशनला. यंदा वेशीतलं मैदान पाइपलाइनसाठी मधोमध खणून ठेवलंय आणि बुजवायला कुणी येत नाही. स्टेशनवाल्यांनी निरोप पाठवला, आमच्याच मैदानावर घ्या की दोन्ही. वेशीतल्यांनी साफ नकार दिला. "त्यायच्या ग्राउंडवर आमची होम मॅच कामून करावं?" मामांनी मलाच विचारलं. उत्तर अर्थातच नव्हतं माझ्याकडे.

मग संभाजीनगरच का? तर वेशीतली निम्मी टीम वाळूजच्या कंपन्यांमध्ये कामाला आहे. तिथेच खोल्या करून राहतात. गावाकडे मॅच असली की फर्स्ट शिफ्ट करून रात्रीची गाडी धरतात, सोमवारी पुन्हा कामावर. ओळखीपाळखी काढून मैदान त्यांनीच मिळवलं होतं.

माझ्यासमोर गोलकीपर बसला होता. अकरावीतला पोरगा, हातमोज्याचा अंगठा दाभणानं शिवलेला. आमचं बोलणं ऐकून तो एकदम म्हणाला, "शाख्तारचं बी असंच हाय, ताई."

परभणी जिल्ह्यातल्या रेल्वेत शाख्तार दोनेत्स्कचं नाव ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्याला सगळं पाठ होतं. युक्रेनमधल्या दोनेत्स्क शहरात 2009 मध्ये या क्लबचं पन्नास हजारांवर प्रेक्षकांचं भव्य स्टेडियम उघडलं. 2012 च्या युरो स्पर्धेत स्पेन-पोर्तुगाल उपांत्य सामना तिथेच झाला. 2014 मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि शाख्तार तेव्हापासून आपल्या स्टेडियमवर खेळलेला नाही. आधी लव्हीवला गेले, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, हजारभर किलोमीटर दूर. मग खार्कीव्ह. मग कीव्ह. आणि कीव्ह म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याचं, डायनॅमो कीव्हचं शहर! 2022 नंतर तर युरोपातल्या स्पर्धांचे घरचे सामने देशाबाहेरच. एका हंगामात वॉर्सा, पुढच्या हंगामात हँबर्ग, त्यानंतर गेल्सेनकिर्खेन. हँबर्गमध्ये 2023 च्या नोव्हेंबरात त्यांनी बार्सिलोनाला 1-0 हरवलं. डायनॅमोवरही तीच वेळ आली, आणि पुढच्याच हंगामात त्यांनीही युरोपातल्या घरच्या सामन्यांसाठी हँबर्गचं तेच स्टेडियम घेतलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन संघ एकामागोमाग एकाच परक्या छपराखाली राहून गेले.

"ते वैऱ्याच्या गावात खेळले ना पण," मी म्हणाले, "तुम्ही स्टेशनच्या मैदानावर का नाही?"

पोरगा म्हणाला, "त्यायच्याकडं लढाई हाय, ताई. आमच्याकडं निस्ता खड्डा हाय. खड्ड्यासाठी वैऱ्याच्या दारात नाही जायचं."

संभाजीनगरला उतरल्यावर माझ्या ठरलेल्या कामाला मी गेलेच नाही. रिक्षात मामांच्या शेजारी बसून सरळ आमखासला गेले. जामा मशिदीजवळचं हे मैदान शहरातल्या फुटबॉलवाल्यांचं जुनं ठिकाण. कडेला रोजचे बघे बसलेलेच होते.

एक तक्रार इथेच नोंदवते. मॅच वेळेवर सुरू झाली नाही. कुणीतरी पाहुणे येणार होते, ते उशिरा आले, मग शाल-श्रीफळ, मग भाषण, मग दोन्ही संघांबरोबर फोटो. खेळाडू उन्हात ओळीनं उभे. तासभर गेला. आपल्याकडच्या कुठल्याही खेळाच्या मैदानावर हे बघितलं की माझं डोकं सणकतं. ज्या पोरांनी पहाटे उठून गाडी धरली, त्यांना पाणी प्यायलाही ओळ सोडता येत नव्हती.

तेवढ्या वेळात मामांनी रेषा मारल्या. सुतळीचं एक टोक खुंटीला, दुसरं एका पोराच्या हातात. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला तेलाचा पत्र्याचा डबा फक्कीनं भरून ते सुतळीवरून चालत गेले. चाल संथ, हात मनगटातून हलता, रेघ कुठे जाड नाही की तुटलेली नाही. या कामाला संभाजीनगरात माणूस मिळाला नसता का? मिळाला असता. पण घरच्या मॅचची आखणी घरच्यांनी करायची, ही त्यांची रीत. चेंडू त्यांचा, जाळी त्यांची, फक्कीही गावातून आणलेली.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. गावाहून आलेले आणि वाळूजहून आलेले वेशीतले पाठीराखे मिळून साठ-सत्तर माणसं असतील. मैदानाच्या पूर्वेला मांडव होता, दाट सावली, खुर्च्याही मोकळ्या. एकही जण तिकडे बसला नाही. सगळे पश्चिमेच्या कडेला उघड्यावर जाऊन बसले, पाठीवर दुपारचं ऊन घेऊन. मला वाटलं मांडव पाहुण्यांसाठी राखलाय. विचारलं, तर एक बाई (कीपरची आई, लेकाबरोबर आलेली) म्हणाल्या, "आमचा लिंब ह्या अंगाला हाय ना."

गावातल्या मैदानाच्या पश्चिमेला लिंबाचं मोठं झाड आहे. वेशीतले कायम त्याच्या सावलीत बसतात. पूर्वेला स्टेशनवाले, उन्हात, कारण ते पाहुणे. आज इथे लिंब नव्हता. तरी वेशीतले पश्चिमेलाच बसले. आणि स्टेशनवाले, ज्यांना कधी नव्हे ती सावली आयती मिळाली होती, ते मांडवाच्या पुढे सरकून उन्हात बसले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्या बाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी पदराचा अर्धा भाग माझ्या डोक्यावर ओढला, नाव-गाव विचारायच्या आधी.

माझी यात काय गुंतवणूक, असं कुणी विचारेल. मी पुण्याची. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी निघाली तेव्हापासून बालेवाडीला जायचे, भावाबरोबर. मुंबई सिटीशी सामना असला की त्याला महाडर्बी म्हणायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. 2018 च्या मार्चमध्ये आम्ही उपांत्य फेरीत होतो. पुण्यात 0-0, बंगळूरुत सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल केले आणि 3-1 नं संपलं. पुढच्या वर्षी क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी 2022 मध्ये विजेती झाली, पण करोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात खेळला गेला. म्हणजे विजेतेपदाच्या वाटेवर एकही सामना हैदराबादेत नाही. 2025 मध्ये ती टीमही दिल्लीला गेली.

आमखासवरचे एक चाचा, पांढरी दाढी, हातात छत्री, हे सगळं जाणून होते. "पुना की टीम थी ना वो? हैदराबाद आई, अब दिल्ली लेके गए कते." मग ते रहीमसाहेबांवर गेले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला आणि ज्यांनी 1962 मध्ये भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे चाचांच्या घरात ते कप आपलेच मानले जायचे. चाचांना हैदराबादचा क्लब गेल्याचं दुःख माझ्याइतकंच होतं. आम्ही दोघं एकाच टीमसाठी, वेगवेगळ्या वर्षी, पोरके झालो होतो.

मैदान गेल्यानं संघ जात नाही, हे मला शाख्तारवरून माहीत होतं, आमखासवर ते डोळ्यांनी पाहिलं. कोलकात्याचंच घ्या. 2025 च्या जानेवारीत मोहन बागानचा ईस्ट बंगालविरुद्धचा घरचा सामना गुवाहाटीत हलवावा लागला, कारण गंगासागर मेळ्यामुळे कोलकात्यात पोलीस बंदोबस्त मिळत नव्हता. बागाननं 1-0 नं जिंकला. त्यामुळे बागान कुणा गुवाहाटीकराची झाली नाही. आमचं पुण्याचं झालं ते वेगळं. मैदान जागच्या जागी आहे, बालेवाडीचं गवत हिरवं आहे. संघच उचलून नेला आणि पाठीराख्यांना कुणी विचारलं नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो कमी व्हावा अशी इच्छा नाही.

हाफटाइमला 0-0. वेशीतल्यांनी पिशवीतून लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा कॅन काढला आणि आधी तो पलीकडे स्टेशनवाल्यांकडे पाठवला. पाहुणे आधी. पाहुणे त्यांच्याच गावचे, त्यांच्याच गाडीतून आलेले. ते पिऊन झाले, मग घरचे प्यायले. शेवटच्या दहा मिनिटांत कॉर्नरवरून डोक्यानं गोल झाला आणि स्टेशनवाले 1-0 नं जिंकले. कीपर चेंडूपर्यंत पोचला होता, बोटं लागली होती.

रात्री वाळूजच्या पोरांनी सगळ्यांना, दोन्ही टीमना आणि मलाही, नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला नेलं. जागा अरुंद, पंखा बंद, खलिया मात्र उत्कृष्ट. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला असं सांगतात. तिथे वाद पेटला. वेशीतले आपल्या मैदानावर पंधरा वर्षं हरलेले नव्हते. आता तो विक्रम मोडला की नाही? वेशीतले म्हणाले, मॅच आपल्या ग्राउंडवर नव्हती, धरायची नाही. स्टेशनवाले म्हणाले, होम मॅच म्हणूनच खेळलात ना? अर्धा तास झाला तरी मिटेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, ताई बाहेरच्या आहेत, त्यांना विचारा.

मला वेशीतल्यांच्या बाजूनं बोलायचं होतं. दिवसभर त्यांच्यात बसले होते. पण फक्की त्यांनी मारली, पाणी त्यांनी आधी पाहुण्यांना दिलं, सावली सोडून ते पश्चिमेला बसले. मी म्हणाले, मॅच घरचीच होती.

स्टेशनवाल्यांनी टेबल वाजवलं. वेशीतली पोरं माझ्याशी बराच वेळ बोलली नाहीत. मामांनी खलियाचा रस्सा नानानं पुसून घेतला आणि म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. मोडला तर मोडला. लिहून घ्या रे." एका पोरानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. दिवाळीनंतर स्टेशनच्या मैदानावर परतीची मॅच आहे. मला बोलावणं आलंय, स्टेशनवाल्यांचं.